आकाशाची छायाचित्रे आणि खरी साक्ष

शास्त्रवाचन : स्तोत्र १९:१-६, निर्गम २०:१६, १ थेस्सल. ५:२१, २ करिंथ. ४:३-६



काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या तरुणसंघापुढे स्तोत्र १९ वर बोलण्याची संधी मला मिळाली. विषयाला साजेसे म्हणून मी एक मोठे रंगीत छायाचित्र बरोबर नेले होते. मध्यभागी निळसर बुबुळ आणि भोवती तांबूस कडा, असा एक विशाल डोळा त्यात दिसतो. हा ‘देवाचा डोळा’ असून तो तीन हजार वर्षांतून एकदाच दिसतो, असे त्या चित्राबरोबर हाती आलेल्या मजकुरात म्हटले होते. मीही तसेच सांगितले. सभा संपल्यावर अकरावीत शिकणारी एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “काका, हे रंग खरे आहेत का? आणि तीन हजार वर्षांपूर्वी हा डोळा कोणी पाहिला होता?” मला उत्तर देता आले नाही. शेजारी उभे असलेले एक वडील बंधू तिला म्हणाले, “बाळ, देवाच्या कामात शंका काढू नये.” ती गप्प झाली.

घरी परतताना मी अस्वस्थ होतो. त्या मुलीची शंका देवाच्या कामाविषयी नव्हतीच. ती माझ्या बोलण्याविषयी होती. मग मी चौकशी केली. ते छायाचित्र कुंभ राशीतील हेलिक्स नावाच्या तेजोमेघाचे होते. मरणपंथाला लागलेल्या एका ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू त्यात दिसतो. तो आपल्यापासून सुमारे ६५० प्रकाशवर्षे दूर आहे. तो कधीतरी प्रकट होऊन लुप्त होत नाही. योग्य ऋतूत, काळोख्या रात्री, लहान दुर्बिणीतूनही तो फिकट कड्यासारखा दिसतो. तीन हजार वर्षांची गोष्ट कोणाच्या तरी कल्पनेतून निघाली होती आणि ती मी व्यासपीठावरून सांगितली होती. पुढल्या सभेत मी आपली चूक कबूल केली व त्या मुलीचे आभार मानले.

अशी छायाचित्रे आज घराघरांत कॅलेंडरांवर, पुस्तकांत आणि मोबाइलवर येतात. पाहणाऱ्याच्या मनात साधेच प्रश्न उभे राहतात. त्यांतील चार प्रश्न आपण एका प्रसिद्ध छायाचित्राच्या आधारे विचारात घेऊ.

१. हे रंग खरे आहेत काय?

भुजंग नावाच्या तारकासमूहात गरुड तेजोमेघ आहे. १ एप्रिल १९९५ रोजी हबल अंतराळ दुर्बिणीने त्याच्या मध्यभागाची छायाचित्रे घेतली. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या शास्त्रज्ञांनी त्यांतून सिद्ध केलेले चित्र ‘सृष्टीचे स्तंभ’ या नावाने जगभर गेले. वायू आणि धूळ यांचे तीन उंच स्तंभ त्यात दिसतात. सर्वांत उंच स्तंभाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास प्रकाशालाही सुमारे चार वर्षे लागतात. या स्तंभांच्या आत नवे तारे जन्म घेत आहेत.

हबलचा कॅमेरा रंगीत चित्र घेत नाही. एकेका फिल्टरमधून तो कृष्णधवल चित्र घेतो. येथे तीन फिल्टर वापरले होते : एक गंधकाच्या प्रकाशासाठी, एक हायड्रोजनच्या आणि एक प्राणवायूच्या. मग गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि प्राणवायूला निळा रंग देऊन तिन्ही चित्रे एकत्र केली. प्रत्यक्षात गंधक आणि हायड्रोजन या दोहोंचा हा प्रकाश तांबडाच असतो. आपण तेथे जाऊन पाहिले असते, तरी आपल्या डोळ्यांना हे दोन प्रकाश वेगळे ओळखता आले नसते.

मग हे चित्र खोटे म्हणावे काय? माझे आयुष्य भाषांतराच्या कामात गेले आहे, म्हणून त्याच कामातील उदाहरण देतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीत मात्र दोन आहेत. ऐकणाऱ्याला वगळले तर ‘आम्ही’, त्याला धरले तर ‘आपण’. वादळात नाव बुडू लागली तेव्हा शिष्यांनी प्रभूला उठवून आपला नाश होत असल्याचे सांगितले (मार्क ४:३८). त्यांनी प्रभूलाही बुडणाऱ्यांत धरले होते काय? ग्रीक शब्द याविषयी मौन पाळतो. मराठी भाषांतरकाराला मात्र संदर्भ पाहून निवड करावीच लागते. एका शब्दाचे दोन झाले म्हणून भाषांतर खोटे ठरत नाही. तो भेद प्रसंगात असावा, भाषांतरकाराच्या लहरीत नसावा, एवढीच अट आहे.

या चित्राचेही तसेच आहे. गंधक आणि हायड्रोजन हा भेद त्या मेघात खरोखर आहे. चित्रकर्त्यांनी तो आपल्या डोळ्यांच्या भाषेत आणला. त्यांनी क्रमही मोडला नाही. ज्या प्रकाशाची लहर सर्वांत लांब त्याला तांबडा, मधल्या लहरीला हिरवा आणि सर्वांत आखूड लहरीला निळा रंग दिला. कोणता रंग कशाचा, हे त्यांनी उघड सांगितले. पुढे २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने याच स्तंभांची छायाचित्रे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात घेतली. त्यांपैकी एकात स्तंभ काहीसे पारदर्शक झालेले व धुळीमागचे असंख्य तारे प्रकटलेले दिसतात. मूळ संहिता एकच. हे तिचे दुसरे भाषांतर.

तेव्हा “रंग खरे आहेत का?” असे कोणी विचारले तर म्हणावे : हे रंग आपल्या डोळ्यांना असे दिसले नसते, परंतु ते मनःपूत दिलेले नाहीत, प्रत्येक रंगाला अर्थ आहे.

२. कोपरा काळा का?

१९९५ च्या त्या चित्राचा वरचा एक कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला व काळा आहे. तेथे काही लपवले आहे, असा संशय पुष्कळांना येतो. कारण अगदी साधे आहे. त्या उपकरणात चार कॅमेरे होते. त्यांतील एक आकाशाचा लहान भाग मोठा करून टिपत असे. त्याचे चित्र इतर तिघांच्या मापात आणण्यासाठी लहान केले की त्याच्या भोवतीची जागा रिकामी राही. ती कल्पनेने भरून काढणे कठीण नव्हते. पण जे टिपले नाही ते दाखवायचे नाही, म्हणून ती काळी ठेवली. जेथे माहिती नाही तेथे जागा मोकळी ठेवणे हाही सत्यवादीपणाच आहे. आम्हा उपदेशकांना हे नेहमी जमते असे नाही.

३. हा प्रकाश केव्हाचा?

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे येण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. गरुड तेजोमेघाचा प्रकाश येण्यास सुमारे साडेसहा हजार वर्षे लागतात. म्हणजे आपण पाहतो ते इतक्या वर्षांपूर्वीचे दृश्य होय. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या देवयानी दीर्घिकेचा प्रकाश तर सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

येथे पुष्कळ विश्वासणाऱ्यांचे मन कचरते. सृष्टी इ. स. पूर्व ४००४ मध्ये उत्पन्न झाली, असे त्यांनी कोठेतरी वाचलेले असते. हे वर्ष पवित्र शास्त्राच्या कोणत्याही वचनात नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वंशावळी व इतिहास यांच्या आधारे ते काढले. अठराव्या शतकात ते इंग्रजी पवित्र शास्त्राच्या समासात छापले जाऊ लागले आणि हळूहळू लोक समासालाही वचन समजू लागले. परंतु वंशावळी अशा बेरजेसाठी दिलेल्या नाहीत. मत्तय १:८ मध्ये योरामानंतर लगेच उज्जीयाचे नाव येते. मधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे गाळलेले आहेत. मत्तयाला वर्षे मोजायची नव्हती; येशू हा दाविदाचा पुत्र आहे, हे दाखवायचे होते.

देवाने ताऱ्यांबरोबर त्यांचा प्रकाशही वाटेतच निर्माण केला असेल, असे काही भाविक म्हणतात. त्यांच्या विश्वासाचा मी आदर करतो. पण एक अडचण पुढे ठेवतो. १९८७ च्या फेब्रुवारीत दक्षिण आकाशात एका ताऱ्याचा प्रचंड स्फोट दिसला. तो तारा दीड लाखाहून अधिक प्रकाशवर्षे दूर होता. जर तो प्रकाश वाटेतच निर्माण केलेला असेल, तर कधी न झालेल्या स्फोटाचे चित्र देवाने आपल्याला दाखवले, असा अर्थ होईल. जो खोटे बोलत नाही असा आपला देव आहे (तीत १:२). तो आकाशातही खोटा वृत्तांत लिहिणार नाही, असे मी मानतो. या विषयावर मंडळीत मतभेद आहेत आणि राहतील. मात्र असा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला अविश्वासी ठरवून दूर लोटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

४. यात प्रभूचा चेहरा दिसतो काय?

१९९५ साली स्तंभांचे हे छायाचित्र अमेरिकेत सीएनएन वाहिनीवर दाखवले गेले, तेव्हा त्यात येशूचा चेहरा दिसतो असे सांगणारे दूरध्वनी प्रेक्षकांनी केले. असे पूर्वीही घडले होते. १९७६ मध्ये व्हायकिंग यानाने मंगळावरील एका टेकडीचे चित्र पाठवले, त्यात मानवी मुख दिसे. २००१ मधील स्पष्ट चित्रात ती नुसतीच टेकडी ठरली. चेहरा शोधणे हा आपल्या नजरेचा स्वभावच आहे. पावसाळी ढगांत मुलांना हत्ती दिसतो, तसेच हे.

शिवाय येशूचा चेहरा म्हणून आपण ओळखतो तो चित्रकारांनी काढलेला आहे. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या नाकडोळ्यांचे, वर्णाचे किंवा केसांचे वर्णन नाही. मग ढगात ओळखावयाचे ते कोणाला?

स्तोत्र १९:३ येथे आपल्याला मार्ग दाखवते. राजा जेम्सच्या इंग्रजी भाषांतरात या वचनात ‘जेथे’ अशा अर्थाचा एक शब्द घातला आहे. त्यामुळे आकाशाची वाणी ऐकू येत नाही अशी एकही भाषा नाही, असा अर्थ निघतो. मूळ इब्री वचनात तो शब्द नाही. सरळ अर्थ असा की, आकाशाला वाचा नाही, शब्द नाहीत, त्याचा ध्वनी ऐकू येत नाही. आणि तरीही त्याची साक्ष पृथ्वीच्या शेवटापर्यंत पोहोचते. आकाश निःशब्द साक्ष देते. म्हणूनच त्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोह होतो. ‘तीन हजार वर्षांतून एकदा’, ‘हे चित्र सात जणांना पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल’, असे शब्द आपण घालतो आणि देवाच्या नावावर खपवतो. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा (निर्गम २०:१६) येथेही लागू पडते.

विश्वासाला ढगातल्या चेहऱ्याची गरज नाही. अंधारातून प्रकाश चमको असे ज्याने म्हटले त्या देवाने आपल्या अंतःकरणात प्रकाश पाडला आहे आणि त्याच्या गौरवाचे ज्ञान येशू ख्रिस्ताच्या मुखावर प्रकट केले आहे, असे पौल सांगतो (२ करिंथ. ४:६). ते मुख सुवार्तेत पाहावयाचे आहे : क्षमा करताना, रडताना, वधस्तंभावर झुकलेले. ‘सृष्टीचे स्तंभ’ हे शब्द चार्ल्स स्पर्जन यांच्या १८५७ मधील एका प्रवचनात आढळतात. त्या प्रवचनाचा विषय दूरचे तारे नव्हता. जो धनवान असता आपल्याकरिता दरिद्री झाला (२ करिंथ. ८:९), त्या प्रभूच्या दीनतेविषयी ते बोलत होते.

तर वाचकहो, पाऊस सरल्यावर एखाद्या निरभ्र संध्याकाळी मुलांना घेऊन गच्चीवर किंवा गावाबाहेर जा. धनू राशीच्या थोडे उत्तरेस साधी द्विनेत्री दुर्बीण रोखली, तर गरुड तेजोमेघातील मंद ताऱ्यांचा पुंजका दिसेल. स्तंभ दिसणार नाहीत, रंगही दिसणार नाहीत. हे त्यांना आधीच सांगा. मग त्यांना विचारू द्या. उत्तर ठाऊक नसेल तर, “मला माहीत नाही, आपण शोधू,” असे म्हणा. सर्व गोष्टी पारखून पाहा आणि चांगले ते धरून ठेवा, ही प्रेषिताची आज्ञा (१ थेस्सल. ५:२१) मुलांनाही आहे.

मननासाठी प्रश्न

१. खात्री न करता मी देवाच्या नावाने कोणती गोष्ट पुढे पाठवली आहे काय? ती सुधारण्यासाठी मी काय करीन?
२. माझ्या घरी किंवा मंडळीत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कसे उत्तर मिळते?
३. पवित्र शास्त्राचे वचन आणि समासातील माणसांचे मत यांत मी भेद करतो काय?

प्रार्थना : हे सत्याच्या देवा, तुझ्या हातचे काम पाहून आम्हांला आश्चर्य करू दे, आणि त्याविषयी बोलताना आमच्या जिभेला खरेपणा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.