आजार हृदयाचा, मग लक्ष व्हेंटिलेटरच्या आकड्यांवर का?

प्रश्न : हार्ट अटॅकनंतर फुफ्फुसांत पाणी भरल्यामुळे वडिलांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. आता ते घरी आले आहेत. तिथे ‘पीप वाढवा’, ‘ऑक्सिजन कमी करा’ असं सारखं कानावर पडायचं आणि आमचा जीव टांगणीला लागायचा. आजार हृदयाचा असताना या आकड्यांची एवढी उलाढाल कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वडील घरी आले, हे वाचून बरं वाटलं. आकडे बदलणं म्हणजे प्रकृती बिघडणं नव्हे. हृदयरुग्णाच्या बाबतीत व्हेंटिलेटर हा हृदयावरचाही उपचार असतो. आपण श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि हवा आत येते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे छातीतला दाब वाढतो आणि तो हृदयालाही सोसावा लागतो.

पीप म्हणजे श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसांत राखलेला दाब. सुरुवात बहुधा 5 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने करतात. हृदयाची डावी बाजू थकली, की रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी उतरतं. अशा वेळी पीप वाढवल्यावर हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि डाव्या बाजूला रक्त पुढे ढकलणं सोपं जातं. उजवी बाजू कमकुवत असेल, तर मात्र हाच दाब नडतो. तिला फुफ्फुसांकडे रक्त पाठवणं जड जातं आणि बीपी कोसळू शकतं.

एका श्वासात हवा किती द्यायची, हे उंचीवरून ठरतं, कारण वजन वाढलं म्हणून फुफ्फुसं मोठी होत नाहीत. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन 85 किलो असलं, तरी हिशोब सुमारे 61 किलोचाच धरतात. किलोमागे 6 ते 8 मिलिलिटरप्रमाणे ही हवा साधारण 370 ते 490 मिलिलिटर होते.

गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असताना हार्ट अटॅकच्या रुग्णांना तो वरून दिला, तेव्हा हृदयाची इजा अधिक आढळली, असं ऑस्ट्रेलियातल्या 2015 च्या ‘अव्हॉइड’ चाचणीत दिसलं. म्हणून पातळी बहुतेकदा 92 ते 96 टक्क्यांच्या आसपास राखतात.

मशीन काढतानाही जपावं लागतं. दाब हटताच हृदयाकडे जास्त रक्त परततं, शिवाय श्वासाचे कष्ट रुग्णावर येतात. त्यामुळे फुफ्फुसांत पुन्हा पाणी भरू शकतं. म्हणून आधी 30 मिनिटं ते 2 तास, मशीनचा आधार अगदी कमी करून, रुग्णाला स्वतःच्या बळावर श्वास घ्यायला लावून पाहतात.

कुणावर पुन्हा अशी वेळ आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हृदयाची कोणती बाजू कमकुवत आहे, सेटिंग बदलल्यावर बीपी टिकलं का, आणि लघवी पुरेशी होते आहे का? नुसत्या आकड्यापेक्षा या उत्तरांतून रुग्णाची खरी स्थिती कळेल.