जुन्या बाजारातलं पितळ कसं पारखावं?

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून पितळेचा डबा, पातेलं अशी वापरातली भांडी घ्यायची आहेत. काय बघून घ्यावीत?

उत्तर : बुधवारी किंवा रविवारी सकाळी जा आणि खिशात लोहचुंबक ठेवा. तो चिकटला, तर आत लोखंड आहे, वर नुसता पितळी मुलामा. मग भांडं उलटं करा. बुडाशी डाग दिलेला आहे का, काठाला बारीक चीर आहे का, ते उजेडात धरून बघा.

काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडलं, तर ते भांडं सोडू नका. लग्नामुंजीत आहेर केलेल्या भांड्यांवर अशी नावं घालत. घरी आणून ते नाव घासून काढायचं मात्र कृपा करून टाळा. त्या भांड्याची तेवढीच तर ओळख उरलेली असते.

पातेल्यात आमटी करणार असाल, तर कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. आतली चंदेरी झिलई जाऊन पिवळे चट्टे दिसत असतील, तर कल्हई उडाली आहे. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून त्यावर कथील फिरवतो. कथील शुद्धच वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं नको.

भाव करण्याआधी पितळेच्या मोडीचा त्या दिवसाचा दर विचारून ठेवा. घट्ट बसणारं झाकण, शाबूत कडी यांचे चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.