आधी झाड विचारा, मग उकळा

फिश टँकमध्ये लाकूड घालायचं ठरलं की ओळखीतले लोक मला फोन करून एकच विचारतात, "किती वेळ उकळायचं?" मी उलट विचारते, झाड कुठलं? कुणाच्या जागेत होतं? त्यावर काय फवारलं जायचं? तोडून किती दिवस झाले? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर दिवसभर उकळूनही काही खरं नाही. उकळल्यानं किड्यांची अंडी आणि बुरशी मरते, रंगाचा पहिला जोर ओसरतो, आतली हवा निघून लाकूड लवकर बुडतं. लाकडात वर्षानुवर्षं मुरलेलं विष मात्र उकळीनं जात नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या टाकीत घडलेलं सांगते.

तासगावला माझा मामेभाऊ द्राक्षबागायतदार आहे. जुनी बाग काढायला घेतली तेव्हा त्याचा फोन आला, "ताई, बुंधे जळणालाच जायचेत. तुझ्या माशांना पाहिजेत तर घेऊन जा." द्राक्षाचा जुना बुंधा दिसायला फारच देखणा. पीळ पडलेला, मधेच पोकळ, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटणारी. टाकीत त्याला जावा मॉस बांधलं तर विकतच्या लाकडाची गरजच उरत नाही. एक बुंधा मी आणला, साल काढली, रीतीप्रमाणे उकळला, भिजवला आणि टाकीत ठेवला. त्या टाकीत गप्पी होते, लाल चेरी श्रिम्प होत्या आणि गोगलगायी होत्या.

पहिली खूण श्रिम्पनी दिली. दिवसभर मॉसमध्ये चरणाऱ्या श्रिम्प चरणं सोडून फिल्टरच्या नळीला वरच्या बाजूला चिकटून बसल्या. मग एकेक खाली पडू लागली. अंग आडवं, पाय मात्र हलत असलेले. गोगलगायी काचेवरून सुटून तळाला पडल्या, शंखात आक्रसून गेल्या. आणि गप्पी? ते काहीच झालं नाही असे पोहत होते, खात होते. या फरकानंच उलगडा झाला. पाण्यात अमोनिया वाढला असता किंवा प्राणवायू कमी पडला असता तर माशांनीही त्रास दाखवला असता. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव गतप्राण, म्हणजे तांब्याचा संशय घ्यायचा. तांबं तपासण्याचं किट आणून पाहिलं, पाण्याला रंग चढला.

द्राक्षबागेत तांबं येतं कुठून, हे कोणत्याही बागायतदाराला विचारा. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण. केवड्यासाठी, म्हणजे डाउनी मिल्ड्यूसाठी, हा जुना आणि खात्रीचा इलाज आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतून तो 1885 च्या सुमारास जगभर पोचला. आपल्याकडे सांगली-नाशिक पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचं चक्र सुरू होतं आणि वेलीच्या आयुष्यभर ते चालू राहतं. फवारणीची इतर औषधं उन्हापावसानं हळूहळू विघटित तरी होतात. तांबं हा धातू आहे, तो कुठेच जात नाही. सालीत, फटीत, पोकळीत बसून राहतो आणि टाकीतल्या किंचित आंबट पाण्यात पुन्हा विरघळू लागतो. बागेनं काही वावगं केलं नाही, द्राक्षं वाचवायला ती फवारणी लागतेच. पण ते लाकूड जळणाचंच होतं, पाण्यातलं नव्हतं.

याच कारणासाठी आणखी एक सांगून ठेवते. आपल्याकडे अजून कित्येक घरांत तांब्याचा बंब किंवा हंडा असतो आणि मोठं लाकूड मावणारं भांडं म्हणून हात तिकडेच जातो. त्यात लाकूड उकळू नका. लाकडातून सुटणारा आंबटपणा आणि उकळतं पाणी मिळून तांबं सोडवतात. स्टीलचं मोठं पातेलं घ्या. मावत नसेल तर एक बाजू उकळून मग दुसरी उकळा. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, म्हणून श्रिम्प पाळणाऱ्यांनी बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये.

आता नदीच्या लाकडाबद्दल. पावसाळा संपला की पंचगंगेच्या काठाला, विशेषतः बंधाऱ्यांच्या गाळ्यांत, पुरानं आणलेली लाकडं अडकलेली दिसतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव राज्यभर गेलं ते आपल्या जिल्ह्यातून. पावसाळ्याआधी बरगे काढतात, तरी दगडी खांबांना ओंडके आणि मुळं तटतातच. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेली ती मुळं पाहिली की कुणालाही मोह होईल. पण पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी येतं, तसं जयंती नाल्याचं सांडपाणीही येतं, उसाच्या शेतांतलं तणनाशक येतं, कारखान्यांचं पाणी येतं. शिरोळ तालुक्यात नदीतल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. ज्या पाण्यात नदीचे मासे जगत नाहीत, त्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरलेलं सच्छिद्र लाकूड घरच्या काचेत कशाला आणायचं?

शिवाय कायदाही आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार वाहत आलेलं, काठाला लागलेलं किंवा बुडालेलं लाकूड, त्यावर कुणाची मालकी सिद्ध होत नाही तोवर, सरकारचं मानलं जातं. राधानगरी अभयारण्याच्या बाबतीत तर चर्चेचाही प्रश्न नाही. दाजीपूरला गवे बघायला जावं, पण तिथलं वाळकं लाकूडसुद्धा परवानगीशिवाय उचलणं गुन्हा आहे. सहलीहून परतताना गाडीच्या डिकीत मुळं घालून आणणारे लोक मला भेटतात, आणि मी त्यांना स्पष्ट सांगते की जंगलात पडलेलं लाकूड भुंग्यांचं, अळंब्यांचं, पालीसरड्यांचं घर असतं. आपल्या टाकीच्या शोभेसाठी ते मोडायचा हक्क आपल्याला नाही.

झाडाच्या जातीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथे आपल्या जुन्या माणसांना जास्त कळतं. सह्याद्रीच्या कडेच्या गावांत ओढ्याच्या डोहात गेळ्याची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून टाकायची आणि मासे गुंगून वर आले की धरायचे, ही पूर्वापार रीत होती. त्या झाडांतली द्रव्यं माशांना बाधतात, म्हणूनच ती वापरली जात. करंजाच्या बिया आणि मुळंही त्याच कामाची. अनोळखी सालीचं लाकूड टाकीत घालण्याआधी गावातल्या एखाद्या आजोबांना दाखवा, ते वासावरून झाड सांगतील. चीक येणारी झाडं, म्हणजे वड, उंबर, फणस, रुई, शेर, ही नकोतच. कण्हेर विषारी, बिब्ब्यानं माणसाच्या हातालाही फोड येतात. कडुनिंब किडीला मारतो, मग श्रिम्पला कसा सोडेल? निलगिरीत तेल, पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनमध्ये राळ. सागाच्या फर्निचरचे तुकडे सुतार फुकट देतात, पण त्याला पॉलिश, डिंक, वाळवीचं औषध यांतलं काय लागलंय हे तोही सांगू शकत नाही.

मग घ्यायचं काय? माझी पसंती परसातल्या पेरूला. कठीण, वेडीवाकडी, बारीक फांद्यांची, साल सहज निघणारी. मात्र परसातलाच पेरू, फवारणीच्या बागेतला नव्हे. दुसरं जांभूळ. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं म्हणून विहिरीच्या कामात ते वापरायची जुनी पद्धत आहे. दोन्हीही ओली तोडून आणू नका. ओल्या फांदीतला रस पाण्यात उतरतो, त्यावर जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. फांदी पूर्ण वाळलेली हवी. सावलीत काही महिने ठेवलेली असेल तर उत्तम. नखानं दाबून पाहा. नख रुतलं तर ते कुजायला लागलंय, सोडून द्या. एक टोक करवतीनं कापून आतला वास घ्या. आंबूस किंवा औषधी वास आला तर तेही सोडा. दुकानातलं मलेशियन लाकूड किंवा आफ्रिकेतलं मोपानी महाग पडतं, पण ते जड असतं आणि मोपानी तर बहुधा लगेच बुडतं. घरच्या पेरूला बुडायला कित्येक आठवडे लागतात, हे धरूनच चालायचं.

भिजवलेल्या लाकडाचं पाणी चहासारखं लाल होतं आणि नवखा माणूस घाबरतो. ते टॅनिन आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, ते याच टॅनिनच्या जोरावर. कातडं कमवण्याइतकं टॅनिन असलेल्या बाभळीची साल टाकीत नको हे उघड आहे. पण पेरू-जांभळाचा सौम्य रंग माशांना अपाय करत नाही. बेट्टा आणि टेट्रा पाळणारे तर मुद्दाम देशी बदामाची पानं घालून तसं पाणी करतात. पाण्याचा सामू थोडा उतरतो, म्हणून मऊ पाणी असेल तर तो मोजत राहावं. रंग नकोच असेल तर भिजवण्याचं पाणी बदलत राहा आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

तयारीचं काम सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. साल पूर्ण काढा, कारण ती आधी कुजते. नारळाच्या काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं घासा, साबण आणि डिटर्जंट अजिबात नको. तासदोन तास उकळा, पाणी ओतून द्या, पुन्हा उकळा. मग टपात भिजत घाला, वर दगड ठेवून. टपावर कापड घट्ट बांधा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. आपल्या हवेत साठलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात, आणि डेंग्यूची साथ असताना माशांच्या हौशीपायी गल्लीला आजारी पाडण्यात अर्थ नाही.

बुडत नसलेलं लाकूड फरशीला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूनं जखडतात. इथे कोल्हापूरकरांनी सावध राहावं. घराच्या कामातून उरलेली शहाबादी किंवा कडप्पा आपल्याला सहज मिळते, पण दोन्ही चुनखडीच आहेत आणि पाणी जड करतात. लिंबू पिळून पाहा, फेस आला तर ती फरशी बाहेर. आपला काळा पाषाण किंवा ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. कोरडं लाकूड दोन काचांच्या मधे घट्ट ठोकून बसवू नका. भिजल्यावर ते फुगतं आणि काच तडकते. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा.

टाकीत गेल्यावर लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. त्याला घाबरून लाकूड फेकू नका. ती बुरशी-जिवाणूंची साय असते, श्रिम्प आणि गोगलगायी ती आवडीनं खातात, काही आठवड्यांत ती आपोआप जाते. फेकायची वेळ वेगळी असते: लाकूड मऊ पडून काळं झालं, हलवल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, किंवा मासे पृष्ठभागाशी तोंड काढून श्वास घेऊ लागले, तर लाकूड त्याच क्षणी बाहेर काढा आणि अर्धं पाणी, क्लोरीन काढलेलं, बदला. नवं लाकूड घालताना पहिले काही दिवस रोज सकाळी दिवा लावून श्रिम्प आणि गोगलगायींकडे बघा. पाण्यात काही बिघडलं तर सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

दुकानात लाकूड घेताना झाडाचं नाव विचारायला लाजू नका. चांगला दुकानदार सांगतो. "नदीचं आहे, छान आहे" एवढंच उत्तर मिळालं तर ते तिथेच ठेवा. आणि पूर ओसरल्यावर बंधाऱ्याच्या गाळ्यातून काही उचलायचा मोह झाला, तर त्याऐवजी गावाकडच्या एखाद्या ओळखीच्या परसातली पेरूची वाळकी फांदी मागून घ्या.