तण ओळखा, बी धरण्याआधी काढा : काय करावे, काय टाळावे

जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) शिवारातील कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा आणि मोसंबीच्या रानांसाठी. दोन्ही याद्यांतले क्रमांक जोडीने वाचा.

काय करावे

1. तण उपटण्याआधी ते कशापासून आले ते उकरून बघा : बी, गाठ की काशी, उपाय त्यावरच ठरतो.
2. देठ दोन बोटांत फिरवा; तीन धारा लागल्या तर लव्हाळा, गोल आणि पेराचा असेल तर गवत.
3. गाजरगवत रोपावस्थेतच ओळखा. पाने गाजरासारखी चिरलेली आणि जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात.
4. दुधीची खात्री देठ मोडून करा. लगेच पांढरा चीक येतो.
5. माठ आणि काटेमाठ यांत गल्लत होत असेल तर पानाच्या बगलेत बघा. काटेमाठाला तिथे काटे असतात.
6. निळ्या फुलाचा केना मुळासकट उकरून काढा. त्याला मातीखालीही बी धरते.
7. जिथे गोखरू आला तिथे पुढच्या वर्षीही फेरी मारा. काटेरी बोंडात दोन बिया असतात, एक यंदा उगवते, दुसरी मागाहून.
8. सोयाबीन पहिले 30 ते 45 दिवस आणि कापूस पहिले 60 दिवस तणमुक्त ठेवा.
9. वाफसा आल्याबरोबर, उघडीप बघून सकाळीच कोळपे धरा. उपटलेले तण दुपारच्या उन्हात वाळते.
10. रामनवमीचा उत्सव आटोपला की खोल नांगरट करा; वर आलेल्या लव्हाळ्याच्या गाठी वैशाखाच्या उन्हात सुकून मरतात.
11. कुंदा आणि हरळीच्या काशा नांगरामागे चालून वेचा आणि कडक वाळवून जाळा.
12. गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा आणि खड्ड्यात कुजवून खत करा.
13. गाजरगवत काढताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला रुमाल वापरा.
14. 16 ते 22 ऑगस्टच्या गाजरगवत जागृती सप्ताहात गावाने मिळून बांध, गायरान आणि मंदिराकडे येणारे रस्ते साफ करा.
15. पडीक जागेत पावसाआधी तरोट्याचे बी टाका; तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो.
16. पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाणारे, पाठीवर तपकिरी रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर त्यांना राहू द्या.
17. ज्वारीत टारफुला दिसला त्या रानात पुढे कापूस घ्या. कापसाच्या मुळांजवळ त्याचे बी उगवते, पण कापसावर जगता न आल्याने मरते.
18. पिवळ्या दोऱ्यासारखी अमरवेल दिसताच ती ज्या झाडावर चढली त्या झाडासकट काढून जाळा.
19. रब्बीत चंदन बटवा आणि चांदवेल वेगळे ओळखा. बटव्याच्या कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते, चांदवेल पिकाला गुंडाळत वर चढते.
20. उगवणीपूर्वीचे तणनाशक पेरणीनंतर 48 तासांच्या आत ओलीवर फवारा; उगवणीनंतरचे तणनाशक तण 2 ते 4 पानांवर असताना फवारा.
21. शेणखत पूर्ण कुजवूनच रानात टाका. कुजतानाच्या उष्णतेने तणाचे बी मरते.
22. भाड्याचे मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर रानात शिरण्याआधी झाडून घ्या. दुसऱ्या गावचे बी त्यातूनच येते.
23. मोसंबीच्या आळ्यातले तण हाताने किंवा खुरप्याने वरवर काढा. झाडाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात.
24. ओळख पटली नाही तर फूल आणि मुळासह झाड खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.
25. सोयाबीन काढल्यावर रानातून आणखी एक फेरी मारा. मागे उरलेले दुधी, माठ आणि कुरडू त्याच दिवसांत बी झाडतात.

काय टाळावे

1. सगळ्या तणांवर एकच इलाज करू नका. बीचे कोवळे तण खुरपले की संपते, गाठीचे पुन्हा फुटते.
2. लव्हाळ्याला गवत समजून फक्त गवतावर चालणारे तणनाशक मारू नका. तो त्याला दाद देत नाही.
3. गाजरगवत फक्त पावसाळ्यातले समजू नका. ओल मिळाली की ते बारा महिने उगवते.
4. दुधीचा चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका. डोळ्यांची आग होते.
5. तणनाशक फवारलेल्या रानातला माठ, घोळ किंवा कुंजरू भाजीला खुडू नका.
6. उपटलेला केना किंवा घोळ ओल्या सरीत टाकू नका. केन्याला पेरापेरावर मुळ्या फुटतात, घोळ पडल्या पडल्या बी पिकवते.
7. गोखरूची कोवळी रोपे जनावरांना खाऊ देऊ नका. ती विषारी असतात.
8. पीक वाढले की तण आपोआप दबेल, या भरवशावर पहिली खुरपणी लांबवू नका.
9. चिखलात कोळपू नका. तण जागचे हलते आणि पुन्हा धरते.
10. लव्हाळ्याच्या ओल्या रानात रोटाव्हेटर फिरवू नका. गाठींची माळ तुटते आणि सुटी झालेली गाठ नवे रोप देते.
11. ओल्या काशा बांधावर फेकू नका, पाटात तर मुळीच नको. पाणी जाईल तिथे त्या रुजतात.
12. फुललेले गाजरगवत उकिरड्यावर टाकू नका. खतातून ते परत रानात येते.
13. दम्याचा किंवा खाजेचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना गाजरगवत काढायला पाठवू नका.
14. आपले रान साफ झाले म्हणून थांबू नका. धुऱ्यावरचे बी वाऱ्याने आणि पाण्याने आतच येते.
15. पडीक जागा नुसती खरवडून उघडी सोडू नका; गाजरगवत तिथे सर्वांत आधी येते.
16. भुंगे लागलेल्या गाजरगवतावर कीटकनाशक फवारू नका.
17. टारफुल्याच्या रानात ज्वारीवर ज्वारी घेऊ नका. त्याचे बी जमिनीत 10 वर्षांहून जास्त टिकते.
18. अमरवेल तोडून रानात टाकू नका; तुटलेला दोराही शेजारच्या झाडाला धरतो.
19. चांदवेल एकदा खुरपली म्हणजे संपली असे मानू नका. तिचे मूळ खोल असते आणि तिथूनच ती फुटते.
20. टू-फोर-डी हे तणनाशक कापसाच्या जवळपास फवारू नका, त्याचा पंपही कापसाला वापरू नका. थोड्याशा अंशानेही कापसाची पाने वेडीवाकडी होतात.
21. तण बीवर आल्यावर कापून जनावरांपुढे टाकू नका. बऱ्याच बिया शेणातून जिवंत बाहेर पडतात.
22. घरचे बियाणे न चाळता पेरू नका. तणाचे बी आपल्याच हाताने पेरले जाते.
23. मोसंबीच्या खोडाशी खोल वखर घालू नका, मुळ्या तुटतात.
24. तणाचे नाव माहीत नसताना हाती येईल ते तणनाशक आणू नका. बाटलीवर आपले पीक आणि ते तण छापलेले नसेल तर परत ठेवा.
25. एका झाडाने काय होते, असे म्हणून पुढे जाऊ नका; गाजरगवताचे एक झाड 25,000 पर्यंत बिया टाकू शकते.