प्रमाणपत्र भिंतीवर, मिरची पोत्यात

प्रश्न : आमच्या गटातल्या चौघींनी मसाला आणि मिरची पावडरचं प्रशिक्षण घेतलं. प्रमाणपत्रं मिळाली, फोटोही निघाले. वर्ष झालं तरी धंदा उभा राहिलेला नाही. बँक म्हणते, नंतर या. मग या प्रशिक्षणाचा उपयोग काय?
– एक वाचक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे. मिरची कुटायला तुम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. उन्हाळा लागला की वऱ्हाडात घरोघरी मिरची, हळद, कुरडया, पापड सुरूच असतात. शिकवायला हवा होता हिशेब. तो दहा दिवसांच्या वर्गात बसून येत नाही, माल विकायला लागल्यावर अंगवळणी पडतो.

एक आकडेमोड करून पाहू. दर समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला. १० किलो मिरची २०० रुपयांनी घेतली, म्हणजे २,००० रुपये. देठ आणि घट जाऊन पावडर निघाली साडेआठ किलो. दळणावळ ३००. शंभर ग्रॅमच्या ८५ पुड्या, त्यांच्या पिशव्यांचे १७०. एकूण २,४७० रुपये, म्हणजे पुडी पडली २९ रुपयांना. बहुतेक गट इथेच थांबतात आणि ३२ रुपयांना विकून तीन रुपये सुटले म्हणतात. पण दोघी बाया दिवसभर देठ खुडत, चाळत, पुड्या भरत बसल्या, त्यांची ३०० प्रमाणे मजुरी कुठे गेली? ती धरली की पुडी ३६ रुपयांवर जाते. म्हणजे प्रत्येक पुडीमागे चार रुपये पदरचे. त्यात दुकानदाराचं कमिशन आणि उधारी अजून आलेलीच नाही.

हा हिशेब शेजारी बसून करून घेणारं माणूस लागतं. सरकारी भाषेत त्याला मार्गदर्शन म्हणतात. बुलढाण्याला ही कल्पना नवी नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, १९७५ सालचं. २००७ पासून त्याचा तेजस्विनी कार्यक्रम चालला. २००९ मध्ये विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी केम हा शेती आणि उपजीविकेचा प्रकल्प आला, त्यात बुलढाणाही होता. आता उमेदचे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आहेत. पण खरं सांगायचं तर गावात गटांसाठी काम करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंचा बराच वेळ नोंदी आणि माहिती भरण्यातच जातो. म्हणून माझा सल्ला असा की खामगाव किंवा चिखलीच्या बाजारात स्वतःचं दुकान चालवणारी एखादी बाई गाठा आणि महिन्यातून एकदा तिला तुमची वही दाखवा. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आता बँकेचं. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : आम्हाला लिहिता येत नसेल, पण मोजता येतं, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिथे वसुलीला आणि बचतीला माणूस बाजारात, दारात जातो. २००६ मध्ये त्याच संस्थेने बायकांसाठी उद्योगशाळा काढली. आधी पैशांचा व्यवहार आला आणि त्यातून शिक्षणाची गरज पुढे आली. तुमच्याकडे हा क्रम उलटा झालाय.

बँकेचा साहेब प्रमाणपत्र बघत नाही, खातं बघतो. गटाच्या बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि त्यांच्या नोंदी सलग दिसल्या की गटाला २० लाखांपर्यंत विनातारण कर्ज देता येतं. गट-बँक जोडणी नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केली ती याच भरवशावर. तेव्हा आधी गटातूनच थोडे पैसे उचला, एका हंगामाची मिरची करा, विका, फेडा. यंत्राचं नंतर बघू. आणि वेळ सांभाळा. मिरचीला पैसा लागतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. जूनमध्ये मंजूर झालेलं कर्ज पेरणीत जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक इशाराही देतो. आठवड्याच्या हप्त्याचं मायक्रोफायनान्स कर्ज या धंद्याला लावू नका. दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी पैसे देणार आणि तुमचा हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यात दारात. मग एक कर्ज फेडायला दुसरं काढावं लागतं.

प्रश्न : मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनेतून अनुदान मिळवून देतो म्हणून एक जण १० टक्के मागतो. द्यावेत का?
– एक वाचक, मोताळा

उत्तर : मुळीच नाही. ही योजना २०१९ पासून आहे आणि जिल्हा उद्योग केंद्र ती चालवतं. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात, उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदान रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. म्हणजे धंदा बंद पडला तर कर्ज तुमच्या डोक्यावर, आणि दलाल आपले टक्के घेऊन मोकळा. उद्यम नोंदणीही मोफत आहे, तिलाही पैसे मोजू नका. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रस्ताव तयार करून देणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचं मानधनही सरकारच देतं. कागद घेऊन स्वतः जा, गटातली एखादी बरोबर घ्या. बँकेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.