मोटारीतले चिमुकले रेडिओ केंद्र

खिशातल्या यंत्रातले गाणे, मध्ये तार न जोडता, मोटारीच्या रेडिओतून ऐकू येते. कसे बरे?

त्यासाठी छोटा एफ.एम. प्रेषक, म्हणजे रेडिओ लहरी पाठवणारे यंत्र, वापरतात. आवाजाच्या चढउतारानुसार तो लहरीची कंप्रता किंचित कमीजास्त करतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमधली मोकळी जागा निवडून रेडिओ तेथेच लावायचा.

पण वाटेत एखादे शहर आले, की कधी कधी गाणे गडप होऊन भलतेच निवेदन सुरू होते! असे का? एकाच कंप्रतेच्या दोन लहरी आल्या, तर एफ.एम. रेडिओ प्रबळ लहर ऐकवतो. दुर्बळ लहर दबून जाते. आपला प्रेषक दुबळा, पण जवळ; केंद्र शक्तिमान, पण दूर. केंद्र जवळ आले, की पारडे फिरते.

मग प्रेषकाची शक्ती वाढवावी का? छे! शेजारच्या मोटारीत कोणी बातम्या ऐकत असेल, तर त्यांवर आपलेच गाणे कुरघोडी करील. म्हणूनच ब्रिटनने २००६ साली अशा प्रेषकांना परवानगी दिली, ती ५० नॅनोवॅटची मर्यादा घालून. म्हणजे एका वॅटचे दोन कोटी भाग केले, तर त्यांतला फक्त एक!