सेंद्रिय म्हणजे काय रे भाऊ?

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या तासाला सरांनी शिकवले, सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग क्लोरपायरीफॉसपण सेंद्रियच का?" वर्ग हसला. सर म्हणाले, "रसायनशास्त्राच्या हिशोबाने, हो!"

तो प्रश्न विचारणारा मीच. कारण ते कीटकनाशक आमच्या घरी माळ्यावर असते. आमच्याकडे त्याला विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात.

कन्नड तालुक्यात आमची पाच एकर शेती. मका, कपाशी आणि अर्धा एकर मिरची. दिवाळीच्या सुट्टीत घरी भाजीसाठी मिरच्या तोडायला गेलो तर आबा लांबूनच ओरडले, "त्या नको तोडू! कालच फवारलंय. घरच्या चार सऱ्या विहिरीकडं हायेत." घरच्या सऱ्यांवर औषध नाही. बाजारच्या मिरच्या मात्र दुसऱ्या दिवशी पोत्यात भरून शहराकडे गेल्या. सुट्टी संपवून होस्टेलला आलो, मेसच्या ताटात हिरवी मिरची दिसली आणि हात थांबला. आपल्याच शेतातली असली तर?

मित्रांनो, तेव्हापासून सेंद्रिय माल शोधायचा नाद लागला. त्यातून जे कळले ते तुमच्यासमोर मांडतो.

दिसते तो पुरावा नाही

पानाला भोक आहे, फ्लॉवरमध्ये अळी आहे, म्हणजे माल सेंद्रिय, असा एक समज आहे. फवारलेल्या पिकातही अळी राहते. वांगे लहान, वाकडे असले म्हणूनही काही सिद्ध होत नाही. धुऊन खाल्ले की झाले, हेही अर्धेच खरे. आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात, ती नळाखाली जात नाहीत.

आपल्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये शिकवतात की तयार नग तपासून सगळे कळत नाही, प्रक्रिया तपासावी लागते. सेंद्रियचेही तसेच आहे. हा मालाचा गुण नसून पिकवण्याची पद्धत आहे. म्हणून भाजीकडे कमी आणि पिकवणाऱ्याकडे जास्त बघायचे.

पाकिटावर काय वाचायचे?

एका प्रदर्शनात 'सेंद्रिय' अशी पाटी पाहून मी दीडपट पैसे देऊन तूरडाळ आणली. रूमवर पाकीट उलटेपालटे करून बघितले. नंबर नाही, गाव नाही, काहीच नाही! तर आधी हे माहीत हवे.

आपल्या देशात प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती आहेत. एक २००१ पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. यात बाहेरची संस्था शेताची तपासणी करते. दुसरी २०११ साली सुरू झालेली पीजीएस इंडिया. यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. ही पद्धत छोट्या शेतकऱ्याला स्वस्त पडते. २०१७ च्या नियमांनी 'जैविक भारत' हे चिन्हही आले. पण नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका. प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव आणि नंबर शोधा. 'नैसर्गिक', 'गावरान', 'शुद्ध' हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला या नियमांत प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे तिथे चौकशी आपणच करायची.

आठवडी बाजारात काय विचारायचे?

छावणीचा गुरुवार, चिकलठाण्याचा शुक्रवार, जाफर गेटचा रविवार. तिन्ही बाजार फिरलो. ज्याच्यापुढे बारा प्रकारच्या भाज्या आहेत तो बहुधा व्यापारी. दोन-तीनच भाज्या घेऊन बसलेला बहुधा शेतकरी. त्याला हे विचारा :

१) अळी पडली तर काय करता? (निंबोळी अर्क, दशपर्णी, कामगंध सापळे असे काही नेमके उत्तर यायला हवे. "आमच्याकडं अळीच पडत नाही" म्हणाला तर पुढे चला!)
२) तण खुरपून काढता की तणनाशकाने?
३) किती वर्षांपासून?
४) शेत बघायला येऊ का?

चौथ्या प्रश्नावर चेहरा वाचता येतो. शेतकरी गटांचे पत्ते हवे असतील तर जिल्ह्याच्या 'आत्मा' कार्यालयात किंवा पैठण रोड आणि गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी.

सगळेच सेंद्रिय घेणे परवडत नाही, हे मान्य. कोरडवाहू ज्वारी-बाजरीवर फवारणी मुळातच कमी असते. फ्लॉवर, वांगी, भेंडी, मिरची यांवर जास्त. ज्यांच्या घरी चूल आहे त्या स्टाफने पैसे आधी तिथे घालावेत.

आबांचा हिशोब

हे सगळे मी आबांना उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "फवारणी बंद केली की उत्पन्न घटणार. अन् भाव तर बाजाराचाच. मधली वर्षं कोण भरून देणार? तू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. हंगामी पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्याआधी साधारण २ वर्षांचा रूपांतर काळ जावा लागतो. त्या काळात शेतकरी खर्च नव्या पद्धतीने करतो आणि विकतो जुन्या भावाने. दुसरीकडे फवारणीचा धोका खाणाऱ्याआधी फवारणाऱ्याला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. आबा आजही तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारतात.

म्हणून मला वाटते, आपली खरी गरज त्या दोन वर्षांत आहे. एक साधे गणित बघा. मेसला ६० जण, रोज माणशी ५० ग्रॅम डाळ, म्हणजे महिन्याला ९० किलो. समजा शेतकरी गटाला किलोमागे ४० रुपये जास्त दिले, तर महिन्याला ३६०० रुपये. माणशी रोजचे २ रुपये! मेस कमिटीने एखाद्या गटाशी वर्षभराचे बोलणे केले तर त्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि आपल्याला माहितीतली डाळ.

यंदा आबांनी घरच्या चार सऱ्यांच्या दहा केल्या आहेत. गावाकडून येताना मी पिशवीभर मिरच्या आणतो, मेसचे मामा बाजारभावाने घेतात. त्यांना मी सेंद्रिय म्हणत नाही, अजून वर्षही झालेले नाही. कुणी विचारले तर एवढेच सांगतो : फवारलेल्या नाहीत, आम्हीही घरी ह्याच खातो. शेत बघायचे असेल तर या!